हातावर कण सापडला, म्हणून गोळी त्यानेच झाडली का?

मागच्या अंकातल्या एका उत्तरात मी लिहिले होते की पिस्तूल किंवा बंदूक चालवणाऱ्याच्या हातावर अतिसूक्ष्म कण बसतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखता येतात. त्या चार ओळींवर इतकी पत्रे आली की या वेळचे पूर्ण सदर मी त्यांनाच देते आहे. न्यायसहायक प्रयोगशाळेतली माझी नोकरी मुख्यतः या कणांमागे गेली, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. काही पत्रलेखकांनी नाव न छापण्याची विनंती केली आहे. एकाला एक न्याय नको म्हणून सगळ्यांचीच नावे गाळली आहेत.

प्रश्न: मॅडम, मी फौजदारी वकिली करते. माझ्या अशिलाच्या उजव्या हाताच्या नमुन्यात 'शिसे, बेरियम व अँटिमनी असलेला एक कण आढळला, जीएसआर पॉझिटिव्ह' असा अहवाल आला आहे. सरकारी वकिलांचे म्हणणे, विज्ञानानेच सिद्ध केले, आता वाद कसला? ही चाचणी खरोखर किती भरवशाची आहे?

उत्तर: वकीलताई, आधी बाकीच्या वाचकांसाठी: जीएसआर म्हणजे गनशॉट रेसिड्यू, गोळीबाराचे अवशेष. आता तुमच्या या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. तो कण गोळीबारातला आहे का, हा पहिला. तो तुमच्या अशिलाच्या हातावर आला कसा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर द्यायला यंत्र समर्थ आहे. दुसऱ्याबद्दल ते एक अक्षरही बोलत नाही. कोर्टात मात्र पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपून जाते, आणि माझी सगळी तळमळ तिथे आहे.

आधी कण तयार कसा होतो ते सांगते. काडतुसाच्या बुडाशी प्रायमर असतो. चाप ओढला की सुई प्रायमरवर आदळते, तो पेटतो आणि मग आतली दारू पेटते. नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड ही तीन रसायने असतात. त्या क्षणीच्या उष्णतेत नि दाबात या धातूंची वाफ होते, आणि बाहेर पडता पडता ती थिजून तिचे गोलसर थेंब बनतात. बहुतेक थेंब एक ते दहा मायक्रॉनचे, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केसदेखील याच्या कितीतरी पट जाड असतो. हे थेंब नळीच्या तोंडातून, रिव्हॉल्व्हरच्या चक्राच्या फटीतून, पिस्तुलाची पुंगळी जिथून उडते त्या खाचेतून ढगासारखे बाहेर येतात आणि हात, बाही, चेहरा, केस, जे जवळ असेल त्यावर बसतात.

नमुना घेतात तो बटणाएवढ्या अॅल्युमिनियमच्या चकतीवर. तिला आम्ही स्टब म्हणतो. तिच्यावर कार्बनची चिकटपट्टी असते. ती हाताच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात, तळव्यावर, चिकटपणा संपेपर्यंत टेकवत राहायचे. प्रयोगशाळेत ही चकती सूक्ष्मदर्शकाच्या निर्वात कक्षात जाते. पडद्यावर कार्बनची काळपट पार्श्वभूमी दिसते आणि जड धातूचा कण आला की तिच्यावर पांढराशुभ्र ठिपका चमकतो. यंत्र तासन् तास, बहुधा रात्रभर, असे ठिपके शोधून त्यांची यादी करते. पण यादी म्हणजे निकाल नव्हे. सकाळी विश्लेषकाने प्रत्येक ठिपक्यावर परत जाऊन त्याचा क्ष-किरणांचा आलेख स्वतः पाहायचा असतो.

इथे थोडे खोलात जाते, कारण उलटतपासणीत तुम्हाला याचा उपयोग होईल. इलेक्ट्रॉनांचा मारा झाला की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडते, आणि आलेखात त्या ऊर्जेच्या जागी शिखर दिसते. बेरियमचे मुख्य शिखर 4.47 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला येते आणि टायटॅनियमचे 4.51 ला. पांढऱ्या रंगात टायटॅनियम असते, म्हणजे ते सगळीकडे असते. यंत्राला ही दोन शिखरे वेगळी काढणे अवघड जाते. म्हणून बेरियमची पुढची शिखरे, 4.83 आणि 5.16 ची, दिसतात का ते पाहायचे. शिशाचे 2.34 चे शिखर गंधकाच्या 2.31 ला चिकटून असते, तेव्हा शिसे आहे म्हणायचे तर 10.55 चे शिखरही हवे. अँटिमनीचे शेजारी कॅल्शियम, आणि धुळीत कॅल्शियम असणारच. आलेख असा पारखून घेतलेला असेल, तिन्ही धातू एकाच कणात असतील आणि कणाचा आकार वितळून थिजल्याचा असेल, तर कणाच्या ओळखीवर मी विश्वास ठेवीन. तरीही एक सांगते. असा कण फक्त गोळीबारातूनच येतो असे पूर्वी ठामपणे लिहीत. आता मानकांत 'गोळीबाराचे वैशिष्ट्य दाखवणारा' इतकेच म्हणतात, आणि तीनपैकी दोनच धातू असले तर 'गोळीबाराशी सुसंगत'. तुमच्या अहवालातली भाषा यापुढे गेली असेल तर तिथे बोट ठेवा.

आता दुसरा प्रश्न. फळ्यावर लिहून आलेल्या शिक्षकांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला तर खडूची धूळ तुमच्या कपड्यालाही लागते. तुम्ही फळ्यावर एक अक्षर लिहिलेले नसते. हे कण तसेच फिरतात. गोळी झाडणाऱ्याच्या शेजारी उभा असलेल्या माणसाच्या हातावर ते बसतात, कधी कधी झाडणाऱ्याइतकेच. गोळीबार झालेल्या खोलीत काही मिनिटांनी शिरलेल्या माणसावर, हवेत तरंगत राहिलेले कण खाली येताना पडतात. बंदूक नुसती उचलून बाजूला ठेवणाऱ्याला ते लागतात. आणि ज्यांच्या कमरेला रोज शस्त्र असते त्या पोलिसांच्या हातावर, बेड्यांवर, गाडीच्या मागच्या सीटवर, चौकशीच्या टेबलावर ते असू शकतात. निरनिराळ्या देशांत पोलिसांच्या गाड्या आणि कोठड्या या कणांसाठी तपासल्या गेल्या आहेत. बहुतेक ठिकाणी काही मिळाले नाही किंवा अगदी थोडे मिळाले, पण मिळाले. ज्या खटल्याचा सारा डोलारा एका कणावर उभा आहे, तिथे हे 'अगदी थोडे' पुरेसे आहे.

एका कणाचा खटला म्हटला की जिल डँडो यांचा खटला आठवावाच लागतो. ब्रिटनमधल्या या लोकप्रिय दूरचित्रवाणी निवेदिकेला 26 एप्रिल 1999 रोजी लंडनमध्ये तिच्याच घराच्या दाराशी डोक्यात गोळी घालून मारले. सुमारे वर्षभराने पोलिसांनी बॅरी जॉर्ज नावाच्या माणसाच्या घरातून एक कोट जप्त केला. त्याच्या आतल्या खिशात एक कण सापडला. आकार साधारण एक शतांश मिलिमीटर. प्रयोगशाळेत जाण्याआधी तो कोट छायाचित्रे काढण्यासाठी पोलिसांच्या छायाचित्रण कक्षात उघडला गेला होता. 2001 मध्ये जॉर्ज दोषी ठरला. पुढे तिथल्या फॉरेन्सिक सायन्स सर्व्हिसने या पुराव्याचे वजन नव्याने मोजले. त्यांनी दोन शक्यता शेजारी शेजारी ठेवल्या. त्याने गोळी झाडली असेल तर वर्षभरानंतर खिशात असा एखादा कण मिळण्याची शक्यता किती? शंभरात एक. त्याने झाडली नसेल, तर कुठून तरी आलेला असा एखादा कण मिळण्याची शक्यता किती? तीही शंभरात एक. तराजूची दोन्ही पारडी बरोबरीत, म्हणजे पुराव्याचे वजन शून्य. नोव्हेंबर 2007 मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. फेरखटल्यात तो कण ज्यूरीपुढे आलाच नाही आणि ऑगस्ट 2008 मध्ये जॉर्ज निर्दोष सुटला. तेव्हा त्याच्या अटकेला आठ वर्षे उलटून गेली होती.

या खटल्यात कणाची ओळख कुणी चुकवली नव्हती. यंत्राने आपले काम चोख केले होते. प्रश्नच अर्धा विचारला गेला होता.

म्हणून तुम्ही प्रयोगशाळेकडून आणि तपास अधिकाऱ्यांकडून काय मागावे ते सांगते. घटना किती वाजता घडली, नमुना किती वाजता घेतला, आणि मधल्या वेळात तुमचा अशील कुठल्या गाडीत, कुठल्या खोलीत, कुणाच्या हातात होता? नमुना कुणी घेतला, त्याने त्या दिवशी शस्त्र हाताळले होते का, हातमोजे कधी बदलले? कुणालाही न टेकवलेली कोरी चकती सोबत तपासली होती का, आणि तिच्यावर काय मिळाले? दुसऱ्या हातावर, बाहीवर, खिशात काय आहे? जागेवर सापडलेल्या पुंगळीतल्या अवशेषांची घडण या कणाशी जुळते का? आलेखाच्या मूळ प्रती मागा. नुसत्या तक्त्यावर समाधान मानू नका.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी, नाहीतर मी तुमची दिशाभूल केली असे होईल. तासाभरात घेतलेल्या नमुन्यात दोन्ही हातांवर आणि बाहीवर मिळून वीस-तीस त्रिधातू कण असतील, कोरी चकती स्वच्छ असेल आणि अशील म्हणत असेल की मी त्या जागेच्या आसपासही नव्हतो, तर 'पोलिसांच्या गाडीतून लागले असतील' हे म्हणणे तग धरत नाही. तेव्हा हा पुरावा वजनदार आहे, आणि मी साक्षीला उभी राहिले असते तर तसेच सांगितले असते. माझे भांडण 'पॉझिटिव्ह' या एका शब्दाशी आहे. एक कण आणि तीस कण या दोन्हींना तोच शब्द लावणारा अहवाल न्यायाधीशांच्या हाती काहीच देत नाही. हा शब्द अहवालांतून काढून टाकावा, असे मी नोकरीत असताना म्हणत होते आणि आजही म्हणते.

प्रश्न: एका जुन्या निकालपत्रात 'पॅराफिन टेस्ट'चा उल्लेख वाचला. ही तीच चाचणी का?

उत्तर: नाही, आणि गल्लत होऊ देऊ नका. मेक्सिको सिटीच्या पोलीस प्रयोगशाळेतले तेओदोरो गोन्सालेस यांनी 1933 मध्ये ही पद्धत अमेरिकेत नेली. वितळलेले मेण हातावर ओतायचे, थिजले की मोज्यासारखे सोलून काढायचे आणि आतल्या बाजूला डायफिनाइल अमाइनचे आम्लातले द्रावण टाकायचे. निळे ठिपके उमटले की गोळी झाडली, असा हिशेब. अडचण अशी की हे द्रावण नायट्रेटला निळे होते, आणि नायट्रेट खतात असते, तंबाखूत असते, लघवीत असते.

केनेडी हत्येच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाच्या 1964 च्या अहवालात एफबीआयचे प्रयोग नोंदवले आहेत, ते वाचले की मन सुन्न होते. 17 जणांना रिव्हॉल्व्हरमधून प्रत्येकी पाच गोळ्या झाडायला सांगितल्या. त्यातल्या आठ जणांच्या दोन्ही हातांवर काहीच उमटले नाही. तिघांचा गोळी झाडलेला हात कोरा निघाला आणि रिकामा हात निळा झाला! दुसऱ्या प्रयोगात 29 जण होते. त्यातल्या नऊ जणांनी गोळ्या झाडल्या होत्या, वीस जणांनी नाही. सगळ्या 29 जणांच्या एका तरी हातावर निळे ठिपके आले. जगभर किती माणसांना या निळ्या ठिपक्यांवर शिक्षा झाली असेल, याचा विचार मी आजही करते. 1959 मध्ये हॅरिसन आणि गिलरॉय या दोघांनी नायट्रेट सोडून प्रायमरमधल्या धातूंकडे मोर्चा वळवला, पुढे अणुभट्टीतली सक्रियण पद्धत आली, मग परमाणू शोषण पद्धत, आणि 1970 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. मधल्या पद्धती पूर्ण हातावर मिळून किती शिसे, किती बेरियम एवढेच सांगत. ते एकाच कणात आहेत की दोन निरनिराळ्या ठिकाणांहून आले, हे सूक्ष्मदर्शक आल्यावरच कळू लागले.

प्रश्न: मी गाड्यांच्या ब्रेकची कामे करतो. ब्रेकच्या धुळीमुळे माणूस या चाचणीत अडकू शकतो असे ऐकले. खरे आहे का?

उत्तर: ऐकीव गोष्टीत तथ्य आहे. ब्रेकच्या काही लायनिंगमध्ये अँटिमनी सल्फाइड घालतात, बेरियम सल्फेट भराव म्हणून असते, आणि पूर्वीच्या काही प्रकारांत शिसेही असे. ब्रेक दाबला की घर्षणाने उष्णता निर्माण होते. 2002 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवून दिले की अशा लायनिंगमधून तिन्ही धातू एकत्र असलेले कण बाहेर पडू शकतात. 'फक्त गोळीबारातूनच' हे शब्द मागे पडण्यात या कामाचा वाटा आहे. आता बऱ्याच लायनिंगमधून शिसे गेले, त्यामुळे धोका कमी झाला.

काळजीपूर्वक पाहिले तर ब्रेकचा कण सहसा ओळखू येतो. त्यात लोखंड भरपूर असते, तांबे असते, कडा तुटक असतात, आणि त्याच्या आजूबाजूचे शेकडो कण लोखंडाचे नि बेरियमचे असतात. शोभेच्या दारूच्या कणांचेही तसेच. त्यांच्या संगतीला मॅग्नेशियम, पोटॅशियम, क्लोरीन असते. म्हणून चांगला विश्लेषक एकट्या कणाकडे पाहत नाही, सारा मोहल्ला पाहतो. पण त्याला तुमचा व्यवसाय ठाऊक असायला हवा. दुर्दैवाने कधी अशी वेळ आलीच, तर नमुना घेतानाच तुमचे काम काय आणि हात कशाला लागले होते हे पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा. बांधकामावर काडतुसाने खिळे ठोकणाऱ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांनी तर हे आवर्जून करावे, कारण त्या काडतुसातही प्रायमरच असतो. तिथला कण आणि पिस्तुलाचा कण वेगळा सांगणे आम्हालाही कठीण जाते.

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाचा पिस्तुलाच्या गोळीने मृत्यू झाला. त्याच्या उजव्या हातावर कण सापडले म्हणून आत्महत्या असा निष्कर्ष काढून तपास बंद होत आहे. वडिलांना हे पटत नाही. हातावर कण म्हणजे आत्महत्या, हे बरोबर आहे का?

उत्तर: तुमच्या घरावर जे कोसळले आहे त्याची मला जाणीव आहे, म्हणून जे ठाऊक आहे तेच, सरळ सांगते. नुसत्या हातावरच्या कणांवरून आत्महत्या ठरत नाही. जवळून गोळी लागलेला माणूस त्या कणांच्या ढगातच असतो. कुणी पिस्तूल रोखले तर हात आपोआप पुढे जातो, पिस्तूल धरायला जातो, आणि कण हातावर बसतात. आत्महत्येतही बसतात, हल्ल्यातही बसतात. उलट, आत्महत्या केलेल्या माणसाच्या हातावर कधी काहीच मिळत नाही, विशेषतः लांब नळीच्या बंदुकीच्या बाबतीत. म्हणजे कण नसते तरी त्यावरून खून ठरला नसता.

मग कशावरून ठरते? अंतरावरून, कोनावरून, शस्त्रावरून, जागेवरून, सगळे एकत्र ठेवून. नळी कातडीला टेकवून झाडलेल्या गोळीची जखम वेगळी असते. तिच्या कडेला नळीचा ठसा उमटू शकतो, काजळी जखमेच्या आत जाते. थोडे अंतर असेल तर काजळी भोवती पसरते, आणि न जळलेल्या दारूचे कण कातडीत रुतून गोंदल्यासारखे ठिपके दिसतात. आणखी लांबून काहीच नाही. ही अंतरे प्रत्येक शस्त्राची आणि काडतुसाची वेगळी असतात, म्हणून त्याच पिस्तुलातून, तशीच काडतुसे वापरून, वेगवेगळ्या अंतरांवरून कापडावर गोळ्या झाडून तुलना करावी लागते. कपड्यांवर नायट्राइटसाठी वॉकर चाचणी आणि शिशासाठी सोडियम ऱ्होडिझोनेटची चाचणी करता येते. डोळ्यांना न दिसणारे वलय त्यात रंगून वर येते.

तुम्ही तीन गोष्टी लेखी विचारा. अंतराची चाचणी त्याच पिस्तुलाने झाली का? अंगावरचे कपडे न धुता, वाळवून, कागदात गुंडाळून ठेवले आहेत का? शवविच्छेदनाच्या अहवालात काजळी आणि रुतलेल्या कणांबद्दल काय लिहिले आहे, आणि छायाचित्रे आहेत का? कपडे आजही असतील तर ही परीक्षा उशिराही होऊ शकते. निष्कर्ष कदाचित तोच येईल. पण तो तपासून आलेला असेल, आणि वडिलांना तो ऐकण्याचा हक्क आहे.

प्रश्न: मी पोलीस दलात नवीन फौजदार आहे. संशयित घटनेनंतर तीन तासांत पकडला, तरी हातांचा नमुना कोरा आला. आता बचाव पक्ष म्हणतो, तो निर्दोष. आमचे काय चुकले?

उत्तर: कदाचित काहीच चुकले नसेल. हे कण हाताला चिकटलेले नसतात, नुसते बसलेले असतात. हात खिशात घातला, तोंड पुसले, स्टीअरिंग धरले, की ते गळतात. हात धुतले तर बहुतेक जातातच. वावरणाऱ्या माणसाच्या हातावरचे बहुसंख्य कण पहिल्या दोनेक तासांतच जातात, आणि चार ते सहा तासांनंतर घेतलेल्या हातांच्या नमुन्यांतून काही मिळण्याची आशा फारशी नसते. शस्त्र कोणते होते, वारा होता का, हाताला घाम होता का, यावरही मोठा फरक पडतो. त्यामुळे कोऱ्या नमुन्यावरून त्याने गोळी झाडली नाही असे म्हणता येत नाही. तुम्हीही त्यावरून काही सिद्ध करू शकत नाही. तो नमुना मुका आहे, असे साक्षीत स्पष्ट सांगा.

पुढच्या वेळेसाठी मात्र सांगते. नमुना सगळ्यात आधी. बोटांचे ठसे, कागदपत्रे, सह्या, चहापाणी सगळे नंतर. ज्याने शस्त्र जप्त केले किंवा ज्याच्या कमरेला शस्त्र आहे त्याने नमुना घेऊ नये. शस्त्र न हाताळणारा सहकारी बोलवा. नवे हातमोजे संशयिताच्या समोर घाला. आधी एक कोरी चकती उघडून बंद करा आणि तीही पाठवा. साक्षीच्या वेळी हीच चकती तुमची बाजू राखते. उजवा हात, डावा हात, वेगवेगळ्या चकत्या. वेळ मिनिटासकट लिहा. आणि कपडे विसरू नका. हातावरून गेलेले कण बाहीच्या धाग्यांत, खिशाच्या शिवणीत कितीतरी जास्त काळ टिकतात, पण तिथेही ते कधी बसले हे कपडा सांगत नाही, हे ध्यानात ठेवून. जागेवर मृतदेह असेल तर हातांवर कागदी पिशव्या बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि कण ओघळून जातात.

प्रश्न: एफबीआयने ही चाचणी बंद केली, मग इतर लोक अजून का करतात?

उत्तर: 2006 मध्ये एफबीआयच्या प्रयोगशाळेने ती बंद केली हे खरे आहे. मागणी घटली आणि मनुष्यबळ दहशतवादाच्या तपासाकडे हवे, असे कारण दिले गेले. त्याच सुमाराला त्यांच्या प्रयोगशाळेच्या आवारातच हे कण आढळल्याच्या बातम्याही आल्या होत्या. चाचणी शास्त्रदृष्ट्या चुकीची आहे असे त्यांनी म्हटले नाही, आणि इतर अनेक प्रयोगशाळा ती करत राहिल्या. माझ्या मते करावीच, पण प्रयोगशाळेने आपली टेबले, कोट आणि दारांच्या मुठीदेखील नियमित तपासून त्याची नोंद ठेवावी, आणि मागणाऱ्याला ती दाखवावी.

प्रश्न: मी न्यायसहायक विज्ञानाचा विद्यार्थी आहे. आता शिसेविरहित काडतुसे आली आहेत. मग ही चाचणी निकामी होणार का?

उत्तर: निकामी होणार नाही, बदलणार. बंदिस्त सराव-मैदानांत शिशाची वाफ श्वासात जाते म्हणून शिसे नसलेले प्रायमर आले. सिंटॉक्स नावाच्या प्रकारात टायटॅनियम आणि जस्त असते. आता वर लिहिले ते आठव: टायटॅनियम आणि जस्त दोन्ही रंगांत, धुळीत, सगळीकडे आहेत. त्यामुळे अशा कणाचे वजन त्रिधातू कणाइतके नसते. त्याचा वितळून थिजलेला गोल आकार आणि पुंगळीशी जुळणी यांवरच जास्त भिस्त ठेवावी लागते. पॉइंट टू टू बोअरच्या काडतुसांची अडचण तर जुनीच आहे. त्यांच्या बऱ्याच प्रायमरमध्ये अँटिमनी नसतेच, त्यामुळे तीन धातूंचाच हट्ट धरणारा विश्लेषक खरा पुरावा हातचा घालवतो. पोलिसांच्या काडतुसांत गॅडोलिनियमसारखे दुर्मीळ मूलद्रव्य मुद्दाम मिसळण्याचा उपायही झाला आहे, म्हणजे पोलिसांची गोळी कुठली आणि गुन्हेगाराची कुठली हे कणावरूनच कळावे. ही कल्पना मला फार आवडते. संशयिताला पोलिसांकडून कण लागले की काय, या शंकेचे उत्तर त्या कणातच लिहिलेले असते.

दुसरी वाट सेंद्रिय अवशेषांची आहे. दारूतले नायट्रोग्लिसरीन, दारू खराब होऊ नये म्हणून स्थिरक म्हणून घातलेले डायफिनाइल अमाइन आणि एथिल सेंट्रालाइट यांचे अंश हातावर राहतात, आणि द्रव क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करणारी पद्धत) व वस्तुमान वर्णपटमापी (रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारे यंत्र) जोडून ते अतिशय कमी प्रमाणातही पकडता येतात. ब्रेकच्या लायनिंगमध्ये एथिल सेंट्रालाइट नसते. धातूचा कण आणि सेंद्रिय अवशेष, दोन्ही एकाच हातावर मिळाले तर गोष्ट बरीच पक्की होते. अडचण एकाच चकतीवर दोन्ही चाचण्या करण्याची आहे. सूक्ष्मदर्शकाच्या निर्वात कक्षात उडून जाण्याजोगे सेंद्रिय पदार्थ निघून जाऊ शकतात, आणि सेंद्रिय पदार्थ आधी द्रावकाने काढायला गेलो तर धातूचे कण जागचे हलू शकतात. कुठली चाचणी आधी करायची, चकतीचा अर्धा भाग राखून ठेवायचा का, यावर काम चालू आहे. प्रकल्पासाठी विषय शोधत असशील तर हा घे. सुरुवात मात्र कोऱ्या चकत्यांपासून कर: तुझ्याच प्रयोगशाळेच्या टेबलावर, दाराच्या मुठीवर आणि स्वतःच्या बाहीवर काय काय मिळते ते आधी नोंदवून ठेव.